थर्मामीटर आणि सासूबाईंची वाटी

आमच्या सासूबाई डिस्नेलँडला ‘उंदराची जत्रा’ म्हणतात. गेल्या वर्षी मे महिन्यात मेहुण्याच्या आग्रहाखातर आम्ही सगळे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. ॲनाहाइमच्या त्या जत्रेत मामा-भाची एका रांगेतून दुसऱ्या रांगेत उभी राहत होती, बायको त्यांचे फोटो काढत होती, आणि मी व सासूबाई मेन स्ट्रीटवरच्या एका बाकावर पाय मोकळे करून बसलो होतो. समोर ‘कँडी पॅलेस’ नावाचं दुकान. त्याच्या खिडकीतून आत मिठाई होताना दिसते. आपल्याकडे जिलबीवाला कढई रस्त्याच्या तोंडाशी मांडतो ना, त्यातलाच प्रकार. फक्त इथे मधे काच. १९५५ साली हे पार्क उघडलं, म्हणजे ते सासूबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. पाळण्यात बसायला त्यांनी साफ नकार दिला होता, पण त्या काचेसमोरून त्यांना उठवणं मला अर्धा तास जमलं नाही.

शेवटी मी आत जाऊन फजचा एक तुकडा घेतला. चॉकलेटचा, अक्रोड घातलेला, साबणाच्या वडीएवढा. अशा ठिकाणी डॉलरचे रुपये करू नयेत हे मला माहीत होतं, तरी केलेच. सासूबाईंनी नखाएवढा तुकडा तोडून तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि जरा वेळाने म्हणाल्या, “अहो, ही तर वडीच आहे. गोळीबंद पाक घेतलाय आणि घोटलीय भरपूर. खवा नाही हो यात.”

मी म्हटलं, “पार्ल्याला गेलो की करू या आपण.”

या ‘करू या’मधला कर्ता मी आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

फज मला अगदीच अनोळखी नव्हतं. पुण्याहून येताना लोणावळ्याला गाडी थांबली की लोक चिक्कीच्या दुकानांकडे धावतात, पण आमचे वडील स्टेशनजवळच्या कूपरकडे जाऊन चॉकलेट-अक्रोडचं फज आणायचे. त्यामुळे माझ्या लेखी फज हा लोणावळ्याचा पदार्थ होता, कंदी पेढा साताऱ्याचा असतो तसा. आणि जत्रेतलं गोड म्हणाल तर माझ्या पिढीच्या मुंबईकराला एकच आठवतं. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा मी सहावीत होतो. शाळेची सहल लाँचने खाडी ओलांडून गेली, आणि घरून मिळालेले सगळे पैसे मी म्हातारीच्या केसांवर उडवले. दुसरे केस हातात असताना पहिले मनगटापर्यंत वितळून चिकटले होते. परतीच्या लाँचमध्ये बाईंनी माझे हात खाडीच्या पाण्याने धुवायला लावले. ते पार्क २०२२ मध्ये बंद पडलं. गुलाबी चिकट मनगट मात्र मला अजून आठवतं, आणि पुढे फज कळायला त्याचाच उपयोग झाला.

तर, जुलै. बाहेर पाऊस कोसळतोय, सासूबाई मुक्कामाला आहेत, रविवार आहे. मी कृती काढून बसलो होतो. सहाशे ग्रॅम साखर, साठ ग्रॅम कोको, साडेतीनशे मिलीलीटर दूध, पन्नास ग्रॅम बिनमिठाचं लोणी, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. साखरेचा आकडा ऐकून बायको स्वयंपाकघराबाहेर गेली. लेकीचं म्हणणं होतं, एवढा खटाटोप कशाला, डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट वितळवून थापलं की झालं. हल्ली घरोघरी फज म्हणून तेच होतं. वाईट नसतं. पण ते चॉकलेटच्या जिवावर घट्ट होतं. खरं फज घट्ट होतं साखरेच्या जिवावर, आणि सगळी गंमत (आणि सगळा मनस्ताप) तिथेच आहे.

पहिल्या घाण्याला थर्मामीटर नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “कशाला हवाय? वाटीत पाणी घ्या.” कोको, साखर आणि दूध हिंडालियमच्या कढईत उकळायला ठेवलं. वीसेक मिनिटांनी त्यांनी वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकला, तो बोटांनी गोळा करून पाहिला. पसरला. पाच मिनिटांनी पुन्हा. या वेळी मऊसर गोळी झाली, दाबली की चपटी होणारी. “झाला गोळीबंद. गॅस बंद करा, लोणी टाका आणि घोटा. थांबू नका, नाहीतर खाली लागेल.”

इथे एक सांगायला हवं. इंग्रजी कृतीत या पायरीला जे नाव आहे, त्याचाही अर्थ ‘मऊ गोळी’ असाच होतो, आणि परीक्षाही तीच: गार पाण्यात थेंब टाका, गोळी होते का पाहा. दोन्हीकडच्या बायकांना एकच वाटी सापडलेली. आकड्यात सांगायचं तर हा टप्पा साधारण ११२ ते ११५ अंश सेल्सिअसचा. पाणी उडून जात जात पाकात तेव्हा ८५ टक्क्यांच्या आसपास साखर उरलेली असते. त्याच्या अलीकडे एकतारी-दोनतारी, पलीकडे कडक गोळी, आणि खूप पुढे गेलं की चिक्कीचा पाक, जो पाण्यात पडला की टण्णकन वाजतो.

मी घोटलं. नारळाच्या वड्यांचं मिश्रण घोटतात तसं, गरम गरम, जीव खाऊन. चार-पाच मिनिटांत ते कढईतच बसलं. ताटात ओतायलाही उसंत दिली नाही. उलथन्याने खरवडून काढावं लागलं. चव उत्तम. पण दाताखाली रवा. सासूबाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. “कलाकंद रवाळच असतो,” त्या म्हणाल्या. असतो, पण बाकावर बसून जे खाल्लं होतं ते रवाळ नव्हतं. ते जिभेवर ठेवल्यावर आधी घट्ट होतं आणि मग एकदम नव्हतंच. ते मला हवं होतं.

त्या रात्री मी साखरेबद्दल वाचत बसलो, आणि म्हातारीचे केस आठवले. बघा, साखर एकच, पण तिला किती वेळ मिळाला यावर तिचं रूप ठरतं. केसांत ती वितळवून इतक्या झटकन फिरवून गार करतात की तिला दाणा धरायला सवडच मिळत नाही. खडीसाखरेत पाक दिवसेंदिवस निवांत सोडून देतात, म्हणून दोऱ्याभोवती बोराएवढे खडे वाढतात. फज यांच्या मधलं. त्यात दाणे असतातच, अगणित असतात, पण इतके बारीक की जिभेला वेगवेगळे कळत नाहीत. पाक गरम असताना ढवळला तर मोजकेच दाणे सुरू होतात आणि उरलेली साखर त्यांच्याच अंगावर बसत जाते. ते मोठे होतात. पाक कोमट होऊ दिला आणि मग घोटला तर एकाच वेळी लाखो दाणे सुरू होतात, कुणालाच मोठं व्हायला साखर पुरत नाही. म्हणून गॅस बंद केल्यावर ४५ अंशांच्या आसपास येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चमचा नाही, बोट नाही, भांडं हलवणंही नाही.

सकाळी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “दूध चढवायचं आणि हलवायचं नाही? आणि उतरवल्यावरही नुसतं बघत बसायचं?” त्यांच्या साठ वर्षांच्या स्वयंपाकात न हलवलेलं दूध म्हणजे करपलेलं दूध. मी सांगितलं, साखर विरघळून उकळी फुटेपर्यंत ढवळायचं, मग नाही. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं काही न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

पुढच्या शनिवारी मी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. मरीन लाइन्सला उतरून चालत, पावसात, छत्री उलटी होत. केकच्या सामानाच्या गल्लीत काय मिळत नाही ते विचारा. लिक्विड ग्लुकोजची बरणी घेतली. मधासारखं दाट असतं ते, आणि एक मोठा चमचा घातला की साखर लवकर पलटत नाही, म्हणजे पुन्हा दाणा धरत नाही. (आपण गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतो ते याचसाठी, पण इथे दूध असल्यामुळे लिंबू चालत नाही.) आणि एका टपरीवजा दुकानातून लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर घेतला. दुकानदार म्हणाला, एकदम ॲक्युरेट.

दुसरा घाणा मी एकट्याने केला. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होत्या, म्हणजे पेपर समोर धरून होत्या. या वेळी जाड बुडाचं पातेलं घेतलं, चांगलं मोठं, कारण कोको घातलेलं दूध उकळायला लागलं की तिप्पट वर येतं. उकळी फुटल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवलं. वाफेने कडांना चिकटलेली साखर धुऊन खाली उतरते. तो एक खडा जरी नंतर आत पडला तरी त्याच्या मागोमाग सगळा पाक पलटू शकतो. मग झाकण काढलं, थर्मामीटर लावला, आणि हाताची घडी घालून उभा राहिलो.

आकडा शंभरापर्यंत भराभर गेला. १०४ ला जो अडकला तो अडकलाच, सिग्नल न मिळालेल्या विरार गाडीसारखा. माझा हात दोनदा कालथ्याकडे गेला. दाराकडून आवाज आला, “वास येतोय का लागल्याचा?” मी म्हटलं, “नाही.” तो येत नव्हता. आच मध्यमच्याही खाली ठेवली होती. पाऊण तासाच्या आतबाहेर ११३ दिसलं. गॅस बंद. लोणी आणि व्हॅनिला वरून सोडलं, ढवळलं नाही. सासूबाईंनी वाटी पुढे केली. मी म्हटलं, “आई, आता आकडा आहे ना.” वाटी परत गेली.

थांबण्याचा तो सव्वा तास लिहिण्यासारखा नाही. लोणी वितळून वर पिवळी तळी झाली होती आणि ती मला ढवळ, ढवळ म्हणत होती. ४५ वर आल्यावर घोटायला घेतलं. पंधरा मिनिटं. वीस. लेकीने हात दिला. अर्धा तास. मिश्रण चकाकतच राहिलं. शेवटी तूप लावलेल्या ताटात ओतलं, रात्रभर ठेवलं, आणि सकाळी सुरी फिरवली तर कापलेली रेघ डोळ्यांदेखत भरून आली.

वाया काही गेलं नाही. मुंबईत बहुतेकांना फज ठाऊक असतं ते आइस्क्रीमवर ओतलेलं, गरम. आमचं तेच झालं. आठवडाभर व्हॅनिला आइस्क्रीमवर ते गेलं, आणि बायको म्हणाली की हेच करायचं होतं असं सांग की.

सासूबाईंनी एकच विचारलं, “तुमचा तो आकडा बरोबर आहे कशावरून?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पार्लं काही महाबळेश्वर नाही. समुद्राच्या पातळीला पाणी १०० अंशांना उकळतं, हे आठवीतलं ज्ञान. पातेल्यात पाणी उकळून थर्मामीटर बुडवला. १०३. पुन्हा पाहिलं. १०३. म्हणजे मी ज्याला ११३ समजत होतो ते ११० होतं, आणि तीन अंश म्हणजे साखरेच्या राज्यात दुसरा जिल्हा. त्यात भर पावसाळ्याची. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून दमट दिवसांत पाक एखादा अंश पुढेच न्यावा असं मुरलेले लोक सांगतात. मी उलट मागे थांबलो होतो. वाटीतल्या पाण्याने हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी थर्मामीटरच्या दांडीवर मार्करने ‘वजा ३’ लिहिलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आणि पहिल्या घाण्याचा रवाळ डबा अजून फ्रिजमध्ये होता. त्यांनी तो बाहेर काढला. “नारळाच्या वड्या फसफशीत झाल्या की आम्ही दूध घालून परत चढवतो. हे का नाही चालणार?” मी शोधून पाहिलं तर फजलाही हाच उपाय: दूध-पाणी घालून सगळे दाणे पूर्ण विरघळवायचे आणि पाक पहिल्यापासून घ्यायचा. म्हणजे तिसरा घाणा हा खरं तर पहिलाच घाणा, दुसऱ्यांदा.

याच सुमारास आणखी एक गोष्ट वाचली ती त्यांना सांगितली. अमेरिकेतल्या व्हॅसार कॉलेजात १८८८ साली एमिलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीने कॉलेजातल्या एका लिलावासाठी तीस पौंड फज केलं होतं. कृती तिला मैत्रिणीकडून मिळालेली. त्या मैत्रिणीच्या बाल्टिमोरच्या नातलगाने १८८६ मध्ये ते केलं होतं आणि तिथे ते चाळीस सेंट पौंडाने विकलं जायचं. हे सगळं तिने पुढे एका पत्रात लिहिलं, आणि फजच्या सुरुवातीची खबर म्हणून लोक याच पत्राकडे बोट दाखवतात. बर्फीच्या मानाने फारच तरुण पदार्थ. सासूबाईंना इतिहासात रस नव्हता. “तीस पौंड म्हणजे?” साडेतेरा किलो. “एकटीने घोटलं?” हे पत्रात नाही. “एकटीने नसणार,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

तिसऱ्या घाण्याच्या दिवशीही पाऊस होताच. डब्यातला ऐवज, पाव लीटर दूध, थोडं पाणी, चमचाभर ग्लुकोज. सगळं विरघळलं की नाही हे त्यांनी चमच्याच्या पाठीवर बोट फिरवून पाहिलं; एकही कण लागेना तेव्हा आच वाढवू दिली. झाकण, वाफ, मग हात बाजूला. पडद्यावर ११७, म्हणजे खरे ११४. वाटीत थेंब टाकला. गोळी झाली, पाण्याबाहेर काढली तरी आकार धरून राहिली, दाबल्यावरच बसली. दोघांनीही माना डोलावल्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आमचं असं एकमत पहिल्यांदाच.

थांबण्याच्या वेळात त्यांनी पातेल्यावर लक्ष ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं. मी कालथा हातात घेतला की “अंहं.” लेक डोकावली की “अंहं.” एकदा मीच त्यांना पकडलं, त्या पातेल्याच्या कानाला धरून ते जरा सरळ करत होत्या. “वाकडं दिसत होतं,” त्या म्हणाल्या.

४५ अंश. म्हणजे ४८ दिसल्यावर. लाकडी डावाने घोटायला घेतलं. पहिली पाच मिनिटं काळं, चकचकीत, तारा सुटणारं. आठव्या मिनिटाला डाव जड व्हायला लागला. सासूबाई पातेल्यात नाक घालून उभ्या होत्या. “बघा, चकाकी गेली. रंग उतरला. ओता. ओता आता!” मला अजून मिनिटभर घोटायचं होतं, पण मी ओतलं. पातेल्याच्या तळाशी जे राहिलं होतं ते अर्ध्या मिनिटात खडखडीत झालं, तेव्हा कळलं की मिनिटभर कुठे होतं आपल्याकडे. अक्रोड वरून टोचले, वाटीच्या बुडाला तूप लावून त्यांनी ते थापलं आणि गरम असतानाच रेघा मारल्या. चौकोनी नाही, शंकरपाळ्यासारख्या. वडी म्हटल्यावर त्यांच्या हाताला दुसरा आकार येत नाही.

तासाभराने उलथन्याने उचलली तर अख्खी उचलली गेली. तोंडात ठेवली. आधी घट्ट, आणि मग नव्हती.

सासूबाईंनी अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी ताटलीत ठेवून तिच्याकडे पाहिलं. “साखर फार आहे,” त्या म्हणाल्या, आणि ती अर्धीही खाल्ली.

संध्याकाळी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याला ताट दाखवलं. त्याने विचारलं, “आई, हे कुठून आणलंस?” त्या म्हणाल्या, “तुझ्या उंदराकडून नाही.” मग त्याला पाक किती वेळ गार करायचा ते सविस्तर सांगू लागल्या. मधे मला हाक मारली, “अहो, किती अंश म्हणालात?” मी सांगितलं ४५. त्या फोनकडे वळून म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस. आमच्याकडे अठ्ठेचाळीस.”